वासवाल्या चाचांची सही

आमच्या गल्लीत दारात येऊन लगेच बेल न वाजवणारा एकच माणूस होता. चाचा आधी चपला काढायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि नाक वर करून वास घ्यायचे. मग बेल. बेलच्या बटणात ठिणगी पडते, त्यामुळे आत गॅस सुटलेला नाही याची खात्री झाल्याशिवाय ते बटणाला हात लावत नसत. लग्न होऊन मी बजाजनगरात आले तेव्हा त्यांना पहिल्यांदा असं उभं पाहिलं आणि मनात म्हटलं, कोण हा बाबा, आमच्या घरात काय शिजतंय ते हुंगतोय! तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, दार उघड. वासवाले चाचा आलेत."

ते गॅस एजन्सीकडून तपासणीला यायचे. शेगडी, नळी, रेग्युलेटर ठरावीक वर्षांनी तपासून घ्यायचं असा नियम आहे. आता नियम आहे म्हणून पाळतं कोण? लोक दारातूनच म्हणायचे, "सगळं चांगलं आहे हो, द्या तो कागद, सही करते." बाकीचे तपासणीवाले हसत कागद पुढे करायचे आणि दिवसभरात अख्खी वसाहत उरकायचे. चाचांची जेमतेम एक गल्ली व्हायची. कागद छातीशी धरून ते म्हणायचे, "बाई, सही मागून. पैले मला शेगडीपाशी जाऊ द्या. न बघता सही मी नाय करत." एजन्सीतले साहेब त्यांच्यावर चिडायचे, लोक चिडायचे. एकदा तर मीच चिडले होते. घरी पाहुणे यायचे होते, ओटा भरलेला होता, आणि हे आपले दारात. "नंतर या ना चाचा," म्हटलं. तर ते बाहेर पायरीवर तासभर बसून राहिले, पाहुण्यांबरोबर चहाही प्याले, आणि मग आत येऊन नळीवरची तारीख वाचून मला म्हणाले, "ही तर मरून दोन वर्षं झाली, बेटी."

त्यांच्या खिशात पत्र्याची एक डबी असायची. तिच्यात साबणाचा फेस आणि दाढीचा जुना ब्रश. नळीच्या दोन्ही टोकांना फेस लावायचा आणि बुडबुडा फुगतो का ते बघत बसायचं. माझ्या सासूबाईंना एक खोड होती. गॅस संपत आला की टाकी आडवी करायच्या आणि शेवटचा चहा काढायच्या. चाचांनी एकदा ते पाहिलं मात्र, कपाळावर हातच मारला. "अम्मा, टाकी काय लेकरू हाय का निजवायला? उभी करा, लवकर उभी करा!" सासूबाई कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नाहीत, पण त्या दिवशी "व्हय व्हय" म्हणत टाकी उभी करून मोकळ्या झाल्या. पुढे चोरून करत असतील तर देव जाणे.

मला मात्र त्यांनी चक्क जमिनीवर गुडघे टेकायला लावले होते. मी टाकीजवळ उभी राहून जोरजोरात नाक ओढत वास घेत होते, ते बघून त्यांना हसू आवरेना. "गॅस हवेपरीस जड असतो, बेटी. खाली बसतो. उभ्यानं काय कळणार? खाली वाक. पैले वाकायचं, मग वास, मग माचिस." हे त्यांचं वाक्य आमच्या गल्लीतल्या पोरींना पाठ होतं. आम्ही त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

मग कोरोना आला. आमच्यापासून दोन दारं सोडून चाचा आणि चाची एका खोलीत राहायचे. दोघंही एकाच दिवशी दवाखान्यात गेले. चाची परत आल्या नाहीत. चाचा आले, पण त्यांना कशाचाच वास येईना. फोडणी करपली तरी कळेना, अत्तराची बाटली नाकाशी धरली तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. महिने गेले, वर्षं गेली, आलाच नाही. एजन्सीत साहेबांना त्यांनी स्वतःहून सांगितलं. साहेब म्हणाले, "फेस आहे ना, मग कशाला नाक? राहा कामावर." पण चाचा ऐकेनात. मला म्हणाले, "बेटी, ज्याला वासच येत नाय त्यानं सही कशी करायची?" आणि त्यांनी नोकरी सोडली.

फुलंब्रीला दिलेली त्यांची लेक नसीम, "अब्बा, माझ्याकडं चला," म्हणून दर महिन्याला भांडून जायची. एकदा विजेची शेगडी घेऊन आली. चाचांनी ती खोक्यातून बाहेरसुद्धा काढली नाही. "या खोलीला अर्थिंग नाय. घरमालक करून देईल तवा लावू." घरमालकानं कधी करून दिलं नाही.

तेव्हापासून एक गोष्ट ठरून गेली. सकाळी चाचा खिडकी उघडायचे, रेग्युलेटर चालू करायचे आणि माझी वाट बघत बसायचे. मी वाळूजला कंपनीत पॅकिंगला जाते. बस धरायच्या आधी त्यांच्या खोलीत जायचं, टाकीपाशी गुडघे टेकायचे, वास घ्यायचा आणि सांगायचं, "नाही येत चाचा, पेटवा." मग ते काडी ओढायचे. रोज. सुट्टीच्या दिवशीही. ज्याच्या नाकावर आमची अख्खी गल्ली बिनघोर झोपली, तो म्हातारा माझ्या नाकाच्या भरवशावर चहा करत होता.

त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. डबा भरताना हात भाजला, लेकीची वेणी तशीच राहिली, आणि कोपऱ्यावर बस हॉर्न देत होती. चाचा दारातच स्टुलावर बसलेले, नेहमीसारखे. आत पातेलं ठेवलेलं. मी पळता पळता दाराशी थबकले, आत पाऊलही टाकलं नाही. उभ्यानं एकदा नाक ओढलं आणि म्हटलं, "नाही येत चाचा, पेटवा."

"बघितलंस ना, बेटी?"

"बघितलं, बघितलं!"

बस वळणावर होती तेव्हा मागे धप्प आवाज झाला. कुणाचं तरी टायर फुटलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. मीही हो म्हटलं. कंपनीच्या गेटवर सासूबाईंचा फोन आला.

टाकीमागे, फेस लावतात त्या टोकांपासून लांब, उंदरानं नळी कुरतडली होती. मला उशीर झाला तेवढा वेळ गॅस जमिनीलगत साठत राहिला. वर खिडकी उघडी असून उपयोग काय?

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात मला आत सोडलं तेव्हा हवालदार त्यांचा जबाब घेत होते. चाचांचा चेहरा आणि डावा हात तेवढा उघडा होता. हवालदारांनी विचारलं, "पेटवायच्या आधी गॅसचा वास आला नाही का? सोबत कुणी होतं?" मी पुढे झाले. "साहेब, मी..."

"तू गप, बेटी," चाचा म्हणाले. मग हवालदारांकडे बघून, अगदी सावकाश, "कुणी नव्हतं, साहेब. मीच वाकून वास घेतला. नाय आला."

हवालदारांनी लिहून घेतलं. त्यांना काय माहीत या माणसाला नाक नाही ते! उजव्या हाताला पट्ट्या होत्या म्हणून ते अंगठ्याची शाई काढायला लागले, तर चाचा म्हणाले, "अंगठा नको. सही करतो." डाव्या हातानं, वेडीवाकडी, पण पुरं नाव लिहिलं. मी भिंतीला टेकून नुसती रडत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे चाचा गेले.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर नसीम खोली रिकामी करायला आली. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. बस, घाई, दारातूनच "पेटवा" म्हटलं ते. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं हातातल्या चादरीची घडी घातली.

"जबाब वाचला तवाच मला कळलं होतं, भाभी. अब्बांना वास येत नव्हता, मग त्यांनी घेतला कुठून?"

"मी चौकीत जाऊन खरं सांगते."

"नको." तिनं चादर खाली ठेवली. "माझ्या बापानं जन्मात एकच सही खोटी केली. तुमच्यासाठी केली. ती तरी राहू द्या."

जाताना तिनं ती पत्र्याची डबी माझ्या हातात ठेवली. आता रोज सकाळी मी टाकीपाशी गुडघे टेकते, खाली वाकते, वास घेते, आणि मगच माचिस हातात घेते. बस चुकली तर चुकू दे. या सगळ्याला पुरतं एक मिनिटही लागत नाही. त्या दिवशी एवढंच तर करायचं होतं.