राखणेची लाल टिक

माझा धाकटा भाऊ दारूने गेला, त्या वर्षापासून मी धामापूरच्या भगवतीच्या देवळात पाऊल ठेवलं नव्हतं. देवळापुढच्या तळ्याजवळून एसटी जाते तेव्हा बाकीच्या बायका खिडकीतून हात जोडतात, आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची. देवीवर राग होता असं म्हणणं फार मोठं होईल. मागून झालं, मिळालं नाही, आता व्यवहार बंद, इतकंच. आयुष्य बँकेत काढलेल्या बाईचा देवाशीसुद्धा व्यवहारच असतो.

निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी दर रविवारी पैशांचा वर्ग घेऊ लागले. दारू सोडलेल्या माणसाच्या हातात पैसा टिकला तर पुढचंही काही टिकतं, हे मला भावाच्या पासबुकाने फार उशिरा शिकवलं होतं. आठ-नऊ जण सतरंजीवर बसायचे. घरखर्च, शाळा, औषधं, बी-खत, देव-सण असे वहीत रकाने पाडायचे आणि महिन्याचा खर्च आधीच मांडायचा. माझा नियम एकच होता, कुठलाही खर्च लपवायचा नाही. ज्याची वही बरोबर, त्याला मी लाल पेनाने टिक मारायची. चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये त्या टिकसाठी शाळकरी पोरांसारखी वही पुढे करायचे. मलाही त्याची थोडी चढली होती, खोटं कशाला बोलू.

त्यांच्यात बाबल होता. काजूची बाग, थोडं भात. अकरा महिने तो दारूला शिवला नव्हता. एका रविवारी त्याने वही पुढे केली आणि हळूच विचारलं, "बाई, राखणेचो सोरो खंय घालू?"

राखण म्हणजे बागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा मान. कोंबडा आणि सोरो, म्हणजे दारू. त्याच्या घरची रीत अशी, की कर्त्या पुरुषाने स्वतःच्या हाताने बाटली उघडायची आणि राखणदाराच्या दगडावर धार धरायची. असे मान मी लहानपणापासून बघत आले आहे. म्हणूनच की काय, मला त्यात काही खटकलं नाही. "देवाच्या रकान्यात घाला," मी म्हटलं. त्याने रक्कम लिहिली, मी टिक मारली. वही परत घेताना तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, शाबासकी हवी आहे. तीही दिली.

बुधवारी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "बाई, आज राखण आसा. हे सकाळीच बाटली घेवन बागेत जावन बसलेत. मी सांगलंय, यंदा सोरो नको, तर वही दाखवतत. बाईंनी टिक मारल्यानी म्हणतत."

बँकेत लाल टिक म्हणजे मंजूर. आणि त्या माणसाने मला रकाना कुठे विचारला होता? 'घालू नकोस' असं कुणीतरी म्हणावं म्हणून त्याने विचारलं होतं, आणि मी त्याला जागा दाखवून दिली होती. भावाचंही असंच झालं होतं. त्याच्या खात्यातला प्रत्येक पैसा मला ठाऊक होता, तो स्वतः मात्र ठाऊक नव्हता.

त्याच्या बागेकडे जायला कट्टा गावच्या स्टॉपवर आले तर एसटी नुकतीच गेलेली. रिक्षाही नाही. बाबलने बाटली उघडली तर अकरा महिने पाण्यात जाणार, हे मला दिसत होतं आणि मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी होते. तिथे कित्येक वर्षांनी मी देवीकडे काही मागितलं, तेही भांडणाच्या सुरात. माझ्या भावाच्या वेळी ऐकलं नाहीस, याच्या वेळी तरी ऐक. माझ्याने काही होत नाही.

एवढ्यात नारळांनी भरलेला एक टेम्पो थांबला. पांढऱ्या केसांचा ड्रायव्हर, कधी न पाहिलेला. "खंय जावचा, बाय?" मी बाबलची बाग सांगितली. बागेच्या वाटेवर उतरवलं तेव्हा पैसे घेईना. उलट एक शहाळं माझ्या हातात ठेवलं. "तोंड सुकला तुमचा. घेवा." फोडायला कोयता नव्हता, म्हणून मी ते तसंच छातीशी धरून चढण चढले.

राखणदाराच्या दगडासमोर बाबल बसला होता. बाटली पुढ्यात, सील शाबूत. बायको आणि म्हातारा चुलता बाजूला उभे. तासभर तो तसाच बसला होता म्हणे. "उघडलंय तर वास येतलो, बाई," तो म्हणाला. "वास इलो काय माझा काय खरा नाय. आणि नाय उघडलंय तर राखणदाराचो मान चुकता."

"माझी टिक चुकली, बाबल," मी म्हटलं. आणि मला रडू आलं.

चुलत्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "ह्या शहाळा देवाक हाडलात मां?" माझ्या तहानेला दिलेलं ते शहाळं. देवासाठी नाही आणलं म्हणणार होते, तोंडातून हो गेलं. म्हाताऱ्याने ते फोडून बाबलच्या हातात दिलं आणि गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, आजपर्यंत तुका सोरो दिलो. आता ह्या घरात सोरो नाय. ह्या पाणी त्या जाग्यार गोड मानून घे, आणि लेकराक सांभाळ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात माझाही आवाज होता. बाबलने धार धरली, पाणी दगडावर पडलं.

ती बाटली मी पर्समध्ये घालून आणली. येताना एसटीत ती चाव्यांवर आपटून वाजत होती आणि शेजारची बाई माझ्याकडे संशयाने बघत होती. तळं आलं तेव्हा पर्समध्ये शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी हात जोडले. टेम्पोवाला कोण, याची चौकशी मी केली नाही. नारळाचे टेम्पो त्या रस्त्याने जातातच, हे मलाही कळतं. पण माझ्याने काही होत नाही, हे मी मोकळेपणाने म्हटलं तेव्हाच तो आला, आणि त्याचे उपकार मी कुठल्याच रकान्यात बसवू शकत नाही.

पुढच्या रविवारी बाबलने वही आणली. राखणेची रक्कम खोडून त्याने लिहिलं होतं, 'शहाळा, बाईंनी दिलेला, काय खर्च नाय.' मी लाल पेन उचललं, परत खाली ठेवलं आणि आधी त्याच्याकडे नीट बघितलं. "आणखी काही विचारायचंय, बाबल?"

तो हसला. "नाय बाई. आता मारा टिक."