स्वस्तातली पोकळ गिटार

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी बँडच्या स्टोअरमध्ये गिटार जमा केली. स्टोअर सांभाळणाऱ्या जवानानं पेटी उघडून आत पाहिलं, माझी सही घेतली आणि पेटी मागच्या फळीवर ठेवून दिली. मी उगीचच तिथं उभा राहिलो. त्यानं विचारलं, "और कुछ, उस्ताद?" मी नाही म्हटलं आणि बाहेर आलो.

फौजेतला बँड म्हटलं की लोकांना परेड आठवते. तेही खरंच आहे; सकाळी मी क्लॅरिनेट वाजवत चालायचो. पण ऑफिसर मेसमध्ये पाहुणे असले की संध्याकाळी आम्ही चार-पाच जण काळे कोट घालून कोपऱ्यात बसायचो, आणि तिथं माझ्या हातात गिटार असायची. मधाच्या रंगाची, पोटावर व्हायोलिनसारखी दोन लांबट भोकं असलेली, आतून पूर्ण पोकळ. अमेरिकेतल्या एका जुन्या कंपनीची. कुणा साहेबानं फार पूर्वी बँडला दिली होती म्हणे. साधी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव फळी. अँप्लिफायरला, म्हणजे अँपला, जोडल्याशिवाय तिच्यातून काही निघत नाही. ही मात्र न जोडताही हलक्या आवाजात बोलायची. मेसमध्ये पाहुणे यायच्या आधी मी ती तशीच वाजवत बसायचो. दिवसातला तेवढा वेळ मला माझा वाटायचा.

गावी आलो. आमचं गाव कडेगावजवळ. ऊस थोरला भाऊ बघतो आणि चांगला बघतो. मी फडात गेलो की तो म्हणायचा, "तू कशाला आलास? बस की निवांत." निवांत बसणं मला जमेना. मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही साताऱ्यात भाड्यानं घर घेतलं आणि मी शिरवळच्या एका कारखान्यात सिक्युरिटीत लागलो. गेटवर उभं राहायचं, ट्रक आत घ्यायचे, बाहेर सोडायचे. उभ्या उभ्या डाव्या हाताची बोटं काठीवर स्वर दाबत असायची. बोटांच्या टोकांना वर्षानुवर्षं पडलेले घट्टे काही महिन्यांत मऊ पडले. मी ते अंगठ्यानं पुन्हा पुन्हा चाचपून बघायचो.

घरी आलो तरी तेच. खिडकीशी जायचं, परत यायचं, टीव्ही लावायचा, बंद करायचा. बायको एकदा म्हणाली, "आवं, पायाला भिंगरी बांधलीया का? जरा टेका की."

त्याच सुमारास मला फोनवर कळलं की तशाच गिटारी आता स्वस्तातही निघतात. तीच जुनी कंपनी दुसऱ्या देशांत बनवून घेते. रंग तोच, आकार तोच, भोकंही तशीच. खऱ्या गिटारीची किंमत ऐकून माणूस विषय बदलतो. ही मात्र पेन्शनवाल्याच्या आवाक्यातली होती. मग मी व्हिडिओ बघायला लागलो. एक जण सांगायचा, एवढ्या पैशात यापेक्षा चांगली मिळणार नाही. दुसरा म्हणायचा, ही नुसती दिसायला तशी, पैसे साठवा आणि खरीच घ्या. एसटीत, गेटवर, जेवताना माझं हेच चाललेलं. एकाचं पटलं की दुसऱ्याचं लावायचो.

शेवटी सांगलीला गेलो. तिथं माझा एक दोस्त राहतो. आमच्याच बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. माझ्या आधी निवृत्त झाला आणि आता लग्नाचा ऑर्केस्ट्रा चालवतो. तो मला एका दुकानात घेऊन गेला. तिथं ती टांगलेली होती. लांबून मला ती मेसमधलीच वाटली, इतकी सारखी. हातात घेतल्यावर फरक दिसू लागला. भोकांच्या कडा आतून ओबडधोबड. तारा दांडीपासून फार वर उचललेल्या, दाबायला जड. एक खुंटी पिळली की आधी सैल पडायची, मग एकदम ताणायची. पण मान, म्हणजे ती दांडी, हाताला बरी होती, आणि अँपला न जोडता एक तार छेडली तर ती बोलली.

मी ती परत टांगली आणि साताऱ्याला आलो. पुढच्या सुटीला पुन्हा गेलो, पुन्हा वाजवली, पुन्हा परत ठेवली. शेवटी दोस्ताला राहवलं नाही.

"गड्या, तुला गिटार घ्यायचीय का नुसतं येऊन बघायचंय?" तो म्हणाला. "घे आन मोकळा हो. माझ्या ऑर्केस्ट्रात वाजव."

मी घेतली.

पहिलाच कार्यक्रम नेमका कडेगावच्या मंगल कार्यालयात लागला. लग्न आमच्या पाहुण्यांतलं. भाऊ, वहिनी, बायको, सगळे समोर बसलेले. बायकोनं मला गिटार वाजवताना कधीच ऐकलं नव्हतं. माझ्या नोकरीच्या बहुतेक काळात ती गावी होती, आणि जिथं सोबत होती तिथंही मेसच्या आत जवानांच्या बायका कशाला येतील? त्या दिवशी ती पुढच्या रांगेत येऊन बसली होती.

रिसेप्शन सुरू झालं. ड्रम, कीबोर्ड, दोन गायक आणि माणसाएवढे स्पीकर. माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून मी अँपचा आवाज वाढवला. पहिल्याच गाण्यात गिटारीच्या पोटातून एक घुमणारा आवाज उठला. मी तारा दाबून धरल्या तरी तो वाढतच गेला आणि त्याचं कर्णकर्कश बोंबलणं झालं. म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. एक तान्हं पोर रडायला लागलं. आवाज कमी केला की गिटार गायब व्हायची, वाढवला की पुन्हा बोंबलायची. नवरीचा मामा स्टेजपाशी आला.

"पाव्हणं," तो शांतपणे म्हणाला, "त्ये यंत्र बंद करा."

बंद करून खाली उतरलो असतो तर पुन्हा चढलो नसतो, हे मला तेव्हाच कळत होतं. स्टेजच्या मागं मानपानासाठी टॉवेल-टोप्यांची चवड ठेवलेली होती. घुमणं भोकांतूनच होतंय असं वाटलं, म्हणून मी दोन टोप्या उचलल्या, पीळ देऊन गुंडाळल्या आणि बोटानं रेटत दोन्ही भोकांत कोंबल्या. अँपपासून लांब, पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. मग हळूच आवाज वाढवला. बोंब थांबली होती. आवाज थोडा बसका झाला होता, पण सूर नीट लागत होते. उरलेला कार्यक्रम मी तसाच वाजवला. गिटारीच्या पोटातून टोप्यांची टोकं बाहेर आलेली, आणि समोरची पोरं बोट दाखवून हसत होती.

घरी जाताना गाडीत भाऊ म्हणाला, "दुकानदारानं तुला टोपी घातली, आन तू गिटारीला." सगळे हसले. मीही हसलो.

बायको हसली नाही. तिनं विचारलं, "येवढी वर्सं तुमी तिथं ह्येच करत हुता व्हय?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी गाडीची काच खाली-वर करत राहिलो.

त्यानंतर मी गिटार कपाटावर टाकली आणि विकायचं ठरवलं. ठरवलं आणि रोज सकाळी बदललं. मन सारखं एकच म्हणायचं, खरी असती तर असं झालं नसतं. दोस्ताला तसं बोललो. तो म्हणाला, "पाचगणीला एका शाळेत पियानो शिकवायच्या अशा एक बाई हायत. त्यांच्या मालकांची अस्सल गिटार हाय त्यांच्याकडं. एकदा वाजवून ये, म्हंजे तुझं डोकं तरी थांबंल." त्यानं फोन करून विचारलंही.

मी माझी गिटार पाठीला लावून पाचगणीला गेलो. धुकं होतं. बाई सत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी कॉटखालून पेटी ओढली. आतली गिटार आमच्या मेसमधल्या गिटारीची जुळी बहीण वाटावी अशी होती.

"वाजवा," त्या म्हणाल्या. "मला गिटार येत नाही. मी फक्त सांभाळते."

फरक होता. उगाच नाही म्हणणार नाही. लाकूड जुनं आणि इतकं हलकं की उचलताना हात चकला. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा बोटाला लागत नव्हत्या. खुंटी जिथं सोडावी तिथं थांबत होती. अँपशिवाय एक स्वर छेडला तर तो खोलीत रेंगाळला. माझ्या गिटारीचा त्याआधीच विझायचा. मी मेसमध्ये वाजवायचो ती एक संथ चाल वाजवली. बाई खाली बघत ऐकत होत्या.

मग मी त्यांना लग्नातला प्रकार सांगितला. त्या उठल्या. "चला शाळेच्या हॉलमध्ये," म्हणाल्या. शाळा जवळच होती. तिथं मोठा अँप होता. आधी माझी जोडली, आवाज वाढवला, ती बोंबलली. मग त्यांची जोडली. तीही बोंबलली. खरं सांगायचं तर जरा लवकरच.

"अहो, ही पण असंच करायची," बाई म्हणाल्या. "म्हणून तर हे मोठ्या कार्यक्रमाला हिला नेतच नसत. घरी नाहीतर क्लबात, हळू आवाजात."

मला मेस आठवली. पडदे, गालिचे, काट्या-चमच्यांचे आवाज, आणि बँडमास्तरांचा तळवा खाली दाबल्याची खूण करणारा हात: हळू, अजून हळू. इतकी वर्षं ती गिटार आमच्या हातून कधी मोठ्यानं वाजलीच नव्हती. मी स्वस्त गिटारीला ज्याचा दोष देत होतो, तो पोकळ लाकडाचा स्वभाव होता.

हे समजल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला खरं तर वाटलं होतं की अस्सल गिटार हातात आली की आतली तगमग थांबेल. ती मांडीवर असतानासुद्धा मी दाराकडं बघत होतो. बाईंनी चहा ठेवते म्हटलं. मी गाडी चुकेल असं सांगितलं आणि निघालो. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. स्टँडवर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो.

पुढच्या आठवड्यात मिरजेला गेलो. तिथं सतार-तंबोऱ्याची दुकानं आहेत. एका कारागिराला गिटार दाखवली. मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात ती प्लॅस्टिकची होती, ती काढून त्यानं हाडाची बसवली आणि तारा खाली आणल्या. खुंट्या सांगलीच्या दुकानातून चांगल्या घेऊन बदलल्या. भोकांच्या कडा मी घरीच पॉलिश पेपरनं घासल्या. गिटार त्यामुळं पाचगणीच्या गिटारीसारखी झाली नाही. पण सुरात राहायला लागली.

एका दुपारी घरात मी ती अँपला न जोडता वाजवत होतो. बायको समोर जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. संथ चाल चालली होती. मधेच तिचा हात थांबला.

"ह्ये चांगलं हाय की," ती म्हणाली. "मग त्या दिशी काय झालं हुतं?"

मी सांगितलं. पोकळ लाकूड, मोठे स्पीकर, आवाज पोटात शिरून पुन्हा बाहेर कसा येतो, सगळं.

"आन तिथं साहेब लोकांला ह्ये असं ऐकू यायचं?"

"जेवता जेवता," मी म्हणालो.

"जेवता जेवता कोण ऐकतंय," ती म्हणाली. सूप बाजूला सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. "वाजवा की. मी ऐकतीया."

मी वाजवलं. माझी बोटं त्या दिवशी मेसमधल्यापेक्षा जास्त अडखळली. तिच्याइतकं जवळ बसून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

माझ्या येरझाऱ्या काही संपल्या नाहीत. शिरवळची नोकरी मात्र मी सोडली. पाचगणीच्या बाईंनी स्वतःहून फोन करून शाळेत शनिवारी गिटार शिकवाल का असं विचारलं, आणि आता मी तिकडं जातो. गिटार एसटीत वरच्या फळीवर ठेवतो. बाईंची गिटार कॉटखालून फक्त माझ्यासाठी निघते, आणि तीही पावसाळ्यात नाही, लाकडाला दमट हवा सोसत नाही. दोस्ताच्या ऑर्केस्ट्रात मी भरीव गिटार वाजवतो, त्याचीच आहे.

परवा गावचा एक जवान सुट्टीवर आला होता, तो घरी भेटायला आला. तोही बँडमध्ये आहे. त्यानं फोनवर तशाच गिटारीचा फोटो दाखवला आणि विचारलं, "दादा, घेऊ का? का जरा थांबून खरी घेऊ?"

"मोठ्यानं वाजवायची असंल तर दोन्हींतली एकबी घेऊ नको," मी म्हणालो. "घरात वाजवायची असंल तर हीच घे. खुंट्या आन मानेच्या टोकाची पट्टी बदलायला लागंल, ते धरून चल. आन रंग बघून घेऊ नको, मान बघ."

त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. मी माझी गिटार त्याच्या हातात दिली. त्यानं बराच वेळ वाजवली, एकदा खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग चहा न घेताच उठला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. घेतली की नाही, मला अजून कळलेलं नाही.