कातरीवरचा आळ

मास्तर म्हटलं की गळ्यात टेप अडकवलेला एखादा बाप्या डोळ्यांसमोर येतो. या शिलाईच्या दुकानातला मास्तर म्हणजे बाई होती, साठीला टेकलेली आणि नाकावर माशी बसू न देणारी. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा सैल ठेवा," की ती त्याच्या पोटाकडे बघून म्हणायची, "मी ठेवते हो, पण तुम्ही भरून काढू नका." मशीनवर दोन माणसं होती, पण कापड बेतायचं तिनेच. दुकानावरच घर होतं. तिथे धाकटा भाऊ आणि त्याची वीस वर्षांची मुलगी राहत. भावजय मुलीच्या लहानपणीच वारली होती.

खरं तर तिला मास्तर व्हायचंच नव्हतं. शाळेत तिचा पहिला नंबर कधी चुकला नाही. पण या घरात एक समज मुरलेला होता, की कातर हात खाते. आजोबांचा खाल्ला, मग वडिलांचा. आधी अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस वाळायचं, नेमकं कातरीची कडी घासते तिथलंच. मग बटण लावता येईना, मग हात लोंबायला लागायचा, मग पाय, मग घास गिळेना, आणि शेवटी श्वास. दोघेही पन्नाशी ओलांडून फार पुढे गेले नाहीत. दीड किलोचं लोखंड दिवसभर चालवल्यावर दुसरं काय होणार, असं जो तो म्हणायचा. पलीकडच्या गल्लीतला म्हातारा शिंपी ऐंशीव्या वर्षीही खणखणीत कातर चालवत होता, पण तिकडे बघतो कोण? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, आणि हे घर जन्मभर कावळ्यालाच दगड मारत राहिलं.

वडिलांचा हात पडला तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि धाकटा नऊ. दुकान मुलाकडे जायची रीत होती. तिने दप्तर खुंटीला अडकवलं आणि आईला म्हणाली, "माझा हात खाऊ दे. त्याचा नको." आई रडली, पण तिने अडवलं नाही, हेही सांगायला हवं. पुढे लग्नाचा विषय निघाला तेव्हा मास्तरने एका वाक्यात संपवला, "हात जाणारी बायको कोणाच्या गळ्यात मारायची?"

धाकट्याला तिने कातरीला बोट लावू दिलं नाही. एकदा त्याने चिंध्या कापायला ती उचलली, तर अशी चपराक बसली की दोन दिवस गालावर वळ होता. तो शिकला, शाळेत चित्रकलेचा शिक्षक झाला. दर वाढदिवसाला ती त्याचा पंजा उजेडात धरून अंगठ्याशेजारचं मांस दाबून बघायची. "भरलेलं आहे," म्हणायची आणि मग तिचा दिवस सणासारखा जायचा. आपल्या हाताची ती बेचाळीस वर्षं वाट बघत होती. तो काही जाईना.

मागच्या वर्षी फळ्यावर चित्र काढताना धाकट्याच्या हातातून खडू पडला. पोरं हसली, तोही हसला. त्या आठवड्यात खडू तीनदा पडला. वाढदिवसाला अजून दोन महिने होते, तरी तिने पंजा धरला. मांसाच्या जागी खळगा होता. आणि तिच्या तोंडातून बाहेर काय पडावं?

"खरं सांग, चोरून कातर धरत होतास?"

"एक्कावन्नाव्या वर्षी मारणार आहेस का आता?" धाकटा म्हणाला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं आणि अख्खं घराणं कागदावर मांडलं. पुरुष चौकोनी, बायका गोल, आजार झालेले काळे. "स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात, तो हा आजार," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना तो वारशाने येत नाही. तुमच्या घरात येतो. एका जनुकात चूक आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. वडिलांच्या दोनांपैकी एक चुकीची होती. मुलाला कुठली मिळेल ते कोणाच्या हातात नसतं. निम्मी शक्यता. मुलगा असो की मुलगी."

"आणि कातर?" मास्तरने विचारलं.

"कातरीचा काही संबंध नाही. या आजारात पुष्कळदा तिथलंच मांस आधी वाळतं."

तिने पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि संन्याशाबरोबर स्वतःलाही.

तिनेही रक्त दिलं. "घाई करू नका, एकदा कळलं की परत फिरता येत नाही," असं बाईंनी समजावलं, पण ती ऐकणारी नव्हतीच. मनातून तिला ती चूक स्वतःमध्ये सापडायला हवी होती. निकाल आला, तो निर्दोष. अशा कागदाने माणसं आनंदाने रडतात. ती दवाखान्याच्या बाकावर बसून आपल्या धडधाकट हातांकडे रागाने बघत राहिली.

घरी धाकटा खिडकीशी खुर्चीत होता. आता त्याची जीभ जड झाली होती, एकेक वाक्य दोन श्वासांत निघायचं.

"तुला नाही ना?" तो म्हणाला. "तोंडावरूनच दिसतंय. कोणी मेल्यासारखं केलंयस."

तिने नुसती मान हलवली.

"बरं झालं." तो थांबला. आत त्याची मुलगी भांडी लावत होती, त्यांचा आवाज येत होता. "हिचं अजून कळायचंय. तपासायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. तू मागे लागू नकोस."

"नाही लागणार. पण मला ना रे, असं वाटतं की देवाने तिच्याऐवजी..."

"तेच सांगतोय, ताई." त्याने मोठा श्वास घेतला. "आयुष्यभर तू माझ्याऐवजी गेलीस. पण मी कुठे वाचलो? ती ज्या दिवशी तपासायला जाईल, त्या दिवशी तिच्याऐवजी जायला बघू नकोस. बरोबर जा."

मास्तर त्याच्या पायाशी खाली बसली आणि लहान पोरासारखी मोठ्याने रडली. आतली भांडी थांबली. मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "आत्या, काय झालं?" मास्तर डोळे पुसत सरकली, शेजारी जागा केली आणि म्हणाली, "ये, इथे बस."