जावयाच्या ताटातलं तूप

मी दूध सोडलं ते माघात. दूध म्हणजे दही, ताक, तूप, लोणी, खवा, सगळं. मटन-अंडं आमच्या घरी आधीपासूनच नव्हतं, त्यामुळे मागं उरलं ते जमिनीतून निघणारं आणि झाडाला लागणारं. एवढ्यावर माणूस जगतो. मी जगून राहिलोच आहे.

सोडलं काहून, हे मी कोणाला सांगितलं नाही. त्यामुळे घरात ज्यानं त्यानं आपापलं कारण काढलं. पोराचं म्हणणं, बाबाले गॅस होते. सून म्हणाली, मोबाईलवर कोणातरी महाराजाचं ऐकलं असेल. नात इथंच रायपुरात, शंकर नगरला एका हापिसात नोकरी करते. तिच्या हापिसात असे दोन जण आहेत म्हणे. ती खूष झाली.

"दादाजी, आप तो वीगन हो गए!"

"मी काही झालो नाही," मी म्हटलं. "मी दूध सोडलं."

तिला मराठी समजते, बोलत नाही. तिनं माझ्यासाठी सोयाबीनच्या दुधाचा डबा आणला. एक घोट घेतला. ओल्या पोत्यासारखी चव. ओल्या पोत्याची चव मला ठाऊक आहे. गुढ़ियारीच्या मालधक्क्यावर मी अडतीस वर्षं पोत्यांची तोंडं शिवली, आणि शिवताना पोत्याचा काठ दातात धरावा लागतो. डबा नातीनंच संपवला. दोन दिवस तोंड वाकडं करून प्यायली, पण संपवला. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

बाकी त्रास झाला नाही. चहा काळा. वरणावर तुपाऐवजी जवसाचं तेल. सकाळी बासी, म्हणजे रातचा भात पाण्यात घातलेला, त्यावर कांदा आणि हिरवी मिरची. पूर्वी दही असायचं, आता नाही. बिस्किटात दूध असते हे मला या वयापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. नातीनं पुडक्यावरचं बारीक वाचून दाखवलं. बिस्किट सोडलं. मंदिरात पंचामृत हातावर घ्यायचं आणि डोक्याला लावायचं. पुजाऱ्याला वाटलं माझी भक्ती वाढली. मी वाटू दिलं.

त्रास झाला तो बायकोचा. रोजची साय जमवून ती घरी तूप कढवते. पन्नास वर्षं कढवते आहे. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका अजून तिला विचारायला येतात, काकू, खाली उतरवायचं कधी. ती म्हणते, वासावर. आता मी ताटावर हात आडवा धरायचो आणि ती तुपाची वाटी तशीच घेऊन उभी राहायची.

"माझ्या हाताले काही झालं काय?"

"नाही."

"मग?"

"नको."

तिनं मनात धरलं की मी तिच्या हातचं सोडलं. मी म्हटलं, असं काही नाही. पण मग कसं आहे, ते सांगितलं नाही.

ते इथं सांगतो. शेजारच्या गल्लीत दूधवाला आहे, दोन म्हशी पाळतो. माघात त्यातल्या एकीचं रेडकू मेलं. म्हैस दूध सोडेना, लाथा मारायची. तेव्हा लोक काय करतात, की मेलेल्या रेडकाच्या कातड्यात तणस भरून ते शिवतात आणि म्हशीसमोर उभं करतात. तो कातडं घेऊन माझ्या दारात आला.

"कका, आपके जैसा टांका कोई नहीं डालता।"

खरी गोष्ट होती. मी दाभण काढलं, सुतळी काढली, तेल लावलं. दुपारभर बसलो. पोटाची शिवण आतून घेतली, पायांना आडव्या काड्या दिल्या, मान जरा खाली ठेवली, जशी पिताना असते. टाके बाहेरून दिसत नव्हते. दूधवाला म्हणाला, वाह कका. मला बरं वाटलं. रिटायर झाल्यावर मला कोणी काही शिवायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो. खरं तर काम पाहायला गेलो. म्हशीनं आधी वास घेतला. मग मानेपासून चाटायला सुरुवात केली. चाटत चाटत पोटापर्यंत आली, शिवणीवरून जीभ फिरली आणि तिनं दूध सोडलं.

"मान गई," दूधवाला म्हणाला.

मी नेहमीसारखं दूध घेऊन घरी आलो, दुधाचा गंज चुलीजवळ ठेवला. चहा झाला. मी म्हटलं, नको.

एवढंच. आता हे बायकोला सांगायचं तर मी शिवलं हे सांगावं लागलं असतं, आणि चांगलं शिवलं हेही. वाईट शिवलं असतं तर म्हशीनं ओळखलं असतं. म्हणून नाही सांगितलं.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा हा जास्तीचा महिना येतो, आणि त्यात जावयाला बोलावून वाण देतात: ताम्हनात तेहतीस अनारसे, वर दिवा, जेवायला पुरणाचे धोंडे आणि त्यावर तूप. मी जावई आहे. शहात्तर वर्षांचा आहे, पण जावईच. सासू-सासरे जाऊन जमाना झाला, तरी अभनपूरचा माझा मोठा साळा हे चुकवत नाही. त्याला आम्ही दोघंही दादाच म्हणतो. दादा ऐंशी पार आहे, घरची गाय आहे, घरचं तूप आहे.

निघायच्या आदल्या दिवशी बायको पिशवी भरता भरता म्हणाली, "दादाच्या घरी ताटावरून तूप परत केलं, तर मी वापस येणार नाही. तिकडंच राहीन."

"राहा," मी म्हटलं.

"राहीन."

"मी राहाच म्हटलं."

तिनं दोन लुगडी जास्तीची घातली. मी पाहिलं. रात्रभर मला वाटत राहिलं की खाऊन टाकावं एक दिवस, कोण पाहते. पण मीच पाहणार होतो.

अभनपूरला पोहोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. पाय धुतले, ओवाळणं झालं, ताम्हन हातात दिलं. ते मी घेतलं, ते खायचं नसते लगेच. मग पाट मांडला. दादा समोर बसला. त्याला साखरेचा आजार आहे, जेवायच्या आधी पोटात सुई घेतो; ती त्यानं घेतली आणि शर्ट खाली ओढला. वहिनीनं माझ्या ताटात चार धोंडे वाढले. दादा स्वतः तुपाचं भांडं घेऊन वाकला.

मी हात आडवा धरला.

"थोडं, जावईबापू."

"नको, दादा."

"नावाले."

"नको. अन् धोंडे बी नको. त्यात बी तूपच आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं दाराची चौकट धरली.

दादानं भांडं खाली ठेवलं. पाटावर बसला, हात मांडीवर. "आमच्या घरी वाणाच्या दिवशी जावयानं घास घेतल्याबिगर कोणी जेवत नाही. तुमाले ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग बसू."

बसलो. दादाची दोन नातवंडं, सुना, वहिनी, सगळे भुकेले. पंखा फिरून राहिला होता. वरण गार झालं. वहिनी हळूच म्हणाली, "अहो, तुमची सुई झाली आहे."

"होऊ दे."

"सुई घेतल्यावर खावं लागते."

"जावई खातील मग मी खाईन."

मी हट्टी आहे असं लोक म्हणतात. त्यांनी दादाला पाहिलेलं नाही. पाव तास गेला असेल. दादाच्या कपाळावर घाम आला, पंख्याखाली बसून. मग हात थरथरायला लागला. वहिनीनं साखरेची चिमूट तोंडाजवळ नेली, त्यानं ओठ मिटले.

"भाऊजी!" वहिनी माझ्याकडे पाहून ओरडली. "माणूस जाईल ना!"

बायको चौकट सोडून पुढं आली. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या भावाकडे, आणि परत माझ्याकडे.

मग मी सांगितलं. कातडं, तणस, सुतळी, पोटाची आतून घेतलेली शिवण, म्हशीची जीभ. लहान करून सांगितलं, वेळ नव्हता.

दादा ऐकत होता. "तुम्ही शिवलं?"

"मी."

"कसं शिवलं?"

"चांगलं."

दादानं घाम पुसला. "माझी गाय मागं बांधली आहे. वासरू जिवंत आहे. जाऊन पाहा."

मी उठलो, मागं गेलो, पाहिलं, परत आलो. "जिवंत आहे."

"मग?"

"लांब बांधलं आहे."

"दूध काढेपर्यंत लांबच बांधतात, जावईबापू."

"हव," मी म्हटलं. "तेच."

तेवढ्यात वहिनी आत गेली आणि एक वाटी घेऊन आली. धोंड्यात भरून उरलेलं पुरण. वाटी माझ्यासमोर आपटली. "यात डाळ आहे अन् गूळ आहे. तिसरं काही नाही. आता हे नाही खाल्लं तर मी तुमाले इथून उठू देणार नाही."

मी बोटानं घेतलं आणि खाल्लं. गोड होतं. माझा हात तोंडापर्यंत गेला न गेला तोच दादानं आपल्या ताटातला धोंडा उचलला, मग दुसरा. त्याला एकही चालत नाही. त्या दिवशी कोणी अडवलं नाही. थोड्या वेळानं त्याचा हात थांबला, तोंडावर रंग आला, आणि त्यानं मला सांगितलं की यंदा पुरणात गूळ जरा कमी पडला.

मला वाटलं, निपटलं. मी दोन वाट्या पुरण, वांग्याची भाजी आणि भात असं नीट जेवलो. उन्हं कलली तशी निघायला म्हणून चपला घातल्या. बायको अंगणात पिशवीशिवाय उभी होती.

"चल," मी म्हटलं. "आता तर माहीत झालं. तुझ्या हाताचं काही नव्हतं."

"माहीत झालं."

"मग?"

"चार महिने मी रोज विचारलं. मले नाही सांगितलं. दादाले एका घडीत सांगितलं."

"त्यांची साखर उतरून राहिली होती."

"माझी उतरायची वाट पाहत होते काय?"

ती राहते म्हणाली होती आणि राहिली. फक्त कारण बदललं.

मी एकटा वापस आलो. नातीनं विचारलं, "दादी कहाँ है?" मी म्हटलं, माहेरी. "झगड़ा हुआ?" मी म्हटलं, नाही, पुरण खाल्लं. ती दोन दिवस मला फोन लावून देत होती आणि मी घेत नव्हतो. फोनवर काय बोलायचं असते ते मला कधी समजलं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. माहेरी गेलेल्या बायकोला आणायला नवरा जात नाही. भाऊ आणून सोडतो. माझे वडील गेले नाहीत, मी गेलो नाही, पन्नास वर्षांत एकदाही नाही. दादाच आणून सोडायचा, आधी सायकलवर, मग मोटरसायकलवर. आता त्याला दिसत नाही चांगलं. त्याचा पोरगा सोडून देईल, असं मी धरून बसलो. पाच दिवस बसलो. सून दोन्ही वेळ वाढायची. ताट ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. तिच्या हातालाही काही झालेलं नव्हतं. पण ताटावर हात आडवा धरावा लागत नव्हता, कारण समोर वाटी घेऊन कोणी उभंच नव्हतं.

सहाव्या दिवशी मी अभनपूरच्या बसमध्ये बसलो.

दादा ओसरीवर बसला होता. चपलांच्या आवाजावरून त्यानं ओळखलं. "कोण, जावईबापू? एका महिन्यात दोनदा? दुसरं वाण नाही हो आमच्याकडे!"

"वाणासाठी नाही आलो."

"मग कशासाठी?"

त्याला ठाऊक होतं, मुद्दाम विचारत होता. सुना दारात आल्या होत्या. "तुमच्या बहिणीले घ्यायला आलो," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांगा, मले ऐकू येत नाही."

त्याला सगळं ऐकू येते. मी मोठ्यानं सांगितलं.

ती आतून आली, हात पुसत. "जेवले काय?"

"नाही."

"बसा."

जेवून आम्ही तीनच्या बसला बसलो. ती खिडकीजवळ, मी या बाजूला, पिशवी मांडीवर. बस गावाबाहेर निघाली तसं ती बाहेर पाहत पाहतच म्हणाली, "अजून काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ताच सांगा. घरी गेल्यावर मी ऐकून घेणार नाही."

मी विचार केला. एक होतं, जुनं. ते मी तिला सांगितलं. रायपूर येईपर्यंत पुरलं. ते इथं लिहीत नाही.