अक्कांच्या बोटांची प्लेट

धुळ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या इंजेक्शनच्या कारखान्यात निर्जंतुक खोलीत जाण्याआधी बायका कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवत. बांगड्या, मंगळसूत्र कप्प्यात. अक्कांना मात्र काढायला काही नसे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तरी त्या आरशापुढे क्षणभर थांबत. मग पांढऱ्या पोशाखात कपाळ-डोळ्यांची पट्टी तेवढी उघडी राहिलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणत, "आठे बठ्ठासना कपाय सारखा शेतस." म्हणजे, इथं सगळ्यांची कपाळं सारखी.

अक्का आमच्या मायक्रोबायोलॉजी विभागातल्या सर्वांत जुन्या. मी जळगावहून एमएस्सी होऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी पावडर त्यांच्या नाकाने पकडली. "पावडर लाईसन कोना लगनले चालनी तू?" म्हणाल्या आणि तोंड धुवायला पाठवलं. साहेबांशी त्या शुद्ध, पुस्तकी मराठी बोलत. रागावायला आणि माया करायला अहिराणी.

देवपुरात एका खोलीत त्या एकट्याच राहत. संक्रांतीत कँटीनमध्ये बायकांचं हळदीकुंकू असलं की प्लेटा वाचायचं काम मुद्दाम मागून घेत. "प्लेटासले सन नही ऱ्हास," एवढंच कारण सांगत. जंतू वाढले का, हे एकेक प्लेट उजेडात धरून त्या बघत आणि मला बजावत, "जे दिखनं ते लिख." न दिसलेलं लिहायचं नाही, दिसलेलं लपवायचं नाही. बाकी सगळी मायक्रोबायोलॉजी मी कॉलेजात शिकले होते, एवढं तिथं शिकले.

आत काम झालं की प्रत्येकाने हातमोज्याची पाचही बोटं जंतूंच्या जेलीसारख्या खाद्याच्या प्लेटवर टेकवायची. तीन-चार दिवस ती उबेत ठेवली की बोटांना काय लागलं होतं ते उगवून दिसतं. एका गुरुवारी एका प्लेटवर तर्जनीच्या ठशात दुधाच्या थेंबाएवढा पांढरा ठिपका होता. प्लेट अक्कांचीच होती. मी हळूच म्हटलं, आपण इथं प्लेट उचलताना लागलं असेल, तसं लिहू या. त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "ती सुई कोना आंगमा जाई, तुले माहीत शे का?" आणि स्वतःच्या नावापुढे स्वतःच नोंद केली.

ती बोटं टेकवली त्या दिवशीची बॅच अडकली, चौकशी बसली. जंतू माणसाच्या कातडीवरचा निघाला. साहेबांनी अक्कांना विचारलं, हात कुठे लागला होता का? त्या म्हणाल्या, आठवत नाही, आणि आठवत नाही ते मी लिहिणार नाही. मग साहेबांनी मला विचारलं. आतलं काम बघायला निर्जंतुक खोलीच्या काचेबाहेर त्या दिवशी मीच उभी होते. मी म्हटलं, नाही, काही दिसलं नाही.

कारण सापडलं असतं तर नव्याने शिकवून, तपासून त्यांना परत आत घेतलं असतं. नियमच तसा होता. कारण सापडलं नाही, म्हणून त्यांचं आत जाणं कायमचं बंद झालं. खाली प्लेटांचं खाद्य शिजवायच्या खोलीत त्यांना बसवलं. तिथं आरसा नव्हता आणि दुसरं माणूसही नव्हतं.

एकदा मी खाली गेले, तेव्हा भांडं ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "कपायले हात लागना व्हई. बारा वरीस व्हयनात, हातले अजून समजनं नही." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी प्लेटांचा गठ्ठा उचलून वर आले. दोन वर्षांनी निवृत्त होऊन त्या गावी गेल्या. गेल्या वर्षी तिथंच वारल्याचं उशिरा कळलं.

आमच्या रजिस्टरात राहून गेलेली गोष्ट नंतर लिहायची असेल, तर जुनं खोडायचं नसतं. खाली 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून सही करायची असते. तर ही माझी नोंद: त्या दिवशी अक्कांचं बोट टोपीखालच्या उघड्या कपाळाकडे गेलं. टिकली नीट बसली आहे ना, हे बायका जसं चाचपतात, तसं. मी काचेतून पाहिलं. काचेवर टकटक केली असती तर त्यांनी हातमोजे बदलले असते. चारचौघांत त्यांना ते सांगायची मला लाज वाटली, आणि नंतर, तेव्हाच का नाही सांगितलंस असं कुणी विचारेल याची भीती.

अक्का, मला दिसलं होतं.