गॅलरीतली जागा

पनवेलमध्ये गरम हवेचा एसी विकत घेणारा माणूस एक तर वेडा असावा किंवा मी. इथली थंडी म्हणजे काय, तर डिसेंबरात चार-पाच दिवस पंखा एकवर करायचा, संपलं. तरीही मी दुकानात जाऊन ऐटीत म्हणालो, "हॉट अँड कोल्डवाला दाखवा."

खरं कारण सांगायची लाज वाटते. माझा मेव्हणा खारघरला राहतो. त्यानं आदल्या उन्हाळ्यात हॉलमध्ये स्प्लिट एसी बसवला, आम्हाला जेवायला बोलावलं आणि हॉल एवढा गार केला की बायको दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसली. "भावोजी, तुमच्याकडे अजून पंखाच का?" तो म्हणाला. चेष्टाच केली त्यानं. मीही हसलो, पण ते वाक्य वर्षभर माझ्या घशात अडकून राहिलं. मेव्हण्याकडे नाही ते आपल्याकडे हवं, एवढ्यासाठी ती गरम हवा. दुकानदाराला, ऑफिसात आणि बायकोलाही मी वेगळंच सांगितलं. "आईचे गुडघे दुखतात हो. थंडीत शेक बसेल तिला."

आई तेव्हा आमच्याकडे राहायला येऊन सहा महिने झाले होते. वडील गेल्यावर जासईच्या बाजूचं गावातलं घर मीच बंद केलं, कुलूप मीच लावलं आणि "आता तू कायमची आमच्याकडे" असं चार माणसांत मोठ्यानं म्हणालो. चार माणसांत असं बोलायला मला आवडतं.

फ्लॅटमध्ये मात्र तिला जागा सापडेना. सोफ्यावर बसली की घसरल्यासारखं वाटायचं म्हणे. बेडरूममध्ये जायला संकोच. शेवटी तिनं गॅलरी धरली. सकाळी कामं आटोपली की सतरंजी टाकायची, सुपात सुकी मासळी, सोडे नाहीतर जवळा, घेऊन निवडत बसायचं आणि खालच्या रिक्षावाल्यांची भांडणं ऐकायची. मासेवाली आली की तिसऱ्या मजल्यावरून घासाघीस चालायची. तेवढ्या वेळात तिचा आवाज गावातल्यासारखा मोठा निघायचा. एरवी आमच्या घरात ती हळू बोलायची. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटला की तिथंच हाताची उशी करून पडायची.

एसी शुक्रवारी आला. बसवायला दोघे भाऊ आले होते. थोरला पांढऱ्या दाढीचा, फार नीट बोलणारा. धाकटा हॉलच्या भिंतीला ड्रिल मारायला लागला आणि थोरल्यानं मला गॅलरीत बोलावलं.

"आउटडोअर बाहेरच्या भिंतीवर स्टँड मारून लावू," तो म्हणाला. "सोसायटीचं पत्र तेवढं आणून ठेवा. मी मंगळवारी येतो."

"मंगळवार नको. रविवारी पाहुणे आहेत." पाहुणे म्हणजे अर्थातच मेव्हणा.

"मग इथं गॅलरीतच ठेवावं लागेल. पण साहेब, अम्मा बसतात ना इथं? आतली सगळी गरमी हे मशीन इथंच फेकणार. त्यांना बसता यायचं नाही."

आई स्वयंपाकघराच्या दाराशी पाठमोरी उभी होती, सतरंजीची घडी घालत. आत ड्रिल किंचाळत होतं. मी त्याच्यावर आवाज चढवून म्हणालो, "ठेवा हो इथंच. ती काय इथं कायम थोडीच राहणार!"

मनात नव्हतं ते तोंडातून गेलं, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण ते खोटं आहे. मला मंगळवारपर्यंत थांबायचं नव्हतं, बस्स. त्या म्हाताऱ्या कारागिरानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टेप काढून माप घ्यायला लागला. मी वळून बघितलं, तर आईची घडी चालूच होती. एवढ्या आवाजात तिला काय ऐकू जाणार, असं म्हणून मी निर्धास्त झालो.

रविवारी सकाळी बायकोनं स्टुलावर चढून एसीला हळदकुंकू लावलं. आमच्याकडे सायकलपासून मिक्सरपर्यंत नवीन वस्तूची पूजा होतेच. आई मात्र हळदकुंकवाची वाटी मागून घेऊन गॅलरीत गेली आणि त्या बाहेरच्या डब्याला बोटं लावून आली.

"त्याला कशाला, आई?" बायकोनं विचारलं.

"आतला निस्ता मिरवतो," आई म्हणाली. "राबतो तो भायेरचा."

आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी.

दुपारी मेव्हणा जेवायला आला. रिमोट हातात घेऊन म्हणाला, "अरे वा, यात गरमपण आहे?" मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. "आईसाठी घेतला," मी म्हणालो. आईनं ताटात भात वाढता वाढता मान हलवली.

जेवणं झाली आणि सवयीप्रमाणे आई सतरंजी घेऊन गॅलरीत गेली. पाच मिनिटांत परत आली. चेहरा लाल झाला होता, पदरानं मान पुसत होती. बायकोनं सरकून सोफ्यावर जागा केली, तिथं ती दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी अगदी कडेला टेकली. घडी केलेली सतरंजी मांडीवर. मला एसी बंद करता आला असता. रिमोट माझ्या हाताशी होता. मेव्हणा बसला होता म्हणून मी तो उचलला नाही.

आठ-दहा दिवसांनी आई म्हणाली, "घर बंद राहून वालवी लागंल. मी जाते आता."

"राहा की," मी म्हणालो. एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर ती कदाचित राहिली असती. म्हणून तर म्हणालो नाही की काय, कोण जाणे. सतरंजी ती सोबत घेऊन गेली.

गॅलरीत मग फक्त तो डबा राहिला. मासेवाली खालून "म्हातारी कंय गेली?" म्हणून ओरडली की बायको माझ्याकडे बघायची. महिन्याभरानं मी सोसायटीकडे अर्ज केला. पत्र एका दिवसात मिळालं. डबा बाहेरच्या भिंतीवर गेला, गॅलरी धुऊन घेतली आणि आईला आणायला मी गावी निघालो. वाटेत तिला काय सांगायचं ते घोकत होतो. तुझी जागा मोकळी केली, चल.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर शेजारणीबरोबर जवळा निवडत होती. दोघींची पाठ माझ्याकडे. मी कोपऱ्याशी चपला काढत होतो.

"पोराकडं येवरा एसी हाय," शेजारीण म्हणत होती, "आनी तू हितं घामानं कशाला भिजतेस गो?"

"माज्यासाठीच घेतलाय त्यानं," आई म्हणाली. "गरम हवेचा. गुडघ्यांना शेक बसावा म्हनून. लय करतो माजा पोर." मग सूप पाखडत तिनं अगदी सहज पुढचं म्हटलं, "पन मी काय तिथं कायम थोडीच राणार!"

'थोडीच' हा शब्द मी आईच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. तो माझा शब्द. पनवेलच्या गॅलरीतला, ड्रिलच्या आवाजातला.

एक चप्पल हातात धरून मी तसाच उभा राहिलो. घोकलेलं सगळं गेलं. पळून जावं असं वाटलं, पण तेवढ्यात शेजारणीनं मला पाहिलं आणि आई वळली.

"आलास? येवऱ्या उनाचा?" ती म्हणाली. "बस. हितं वारा हाय."

आणि सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकत, ती सतरंजीवर सरकली आणि तिनं मला जागा करून दिली.