पूर्णेच्या पुरात वायरलेस गाडी

आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला सहा-सात वर्षं झाली होती, आणि घरातला पहिला सरकारी नोकर मीच. अमरावतीला पोलिसांच्या वायरलेस गाडीवर ऑपरेटर म्हणून नवा नवा लागलो होतो. त्या श्रावणात पूर्णेला पूर आला. टेलिफोनचे खांब आडवे झाले आणि आमच्या गाडीला हुकूम सुटला.

नदीवर पोचलो तर पूल पाण्याखाली. पलीकडच्या टेकाडावर माणसं अडकली होती. बाया पदर हलवून बोलावत होत्या. पाणी टेकाड चहूबाजूंनी खात चाललं होतं. होड्या होत्या अकोल्याला, आणि तिथं कुणाला काहीच ठाऊक नव्हतं.

सेट सुरू केला. नुसती खरखर! वाटेत गाडी चिखलात कलंडली तेव्हा एरियलचा खांब मोडला होता.

"तार झाडावर चढवाच लागते," आमचे जमादार म्हणाले. पण काठावरच्या कडुनिंबाचं खोड शेवाळलेलं. ड्रायव्हर दोनदा घसरून पडला.

मला एकदम सुचलं. काठावर जमलेल्या बायांना विचारलं, "मावशी, घरी गोफण हाय काय?"

"काहून? पुरात पाखरं हाकलतं काय?" असं म्हणत एक मावशी पळतच गेली आणि गोफण घेऊन आली.

लहानपणी ज्वारीच्या मचाणावर उभं राहून मी पाखरं हाकलली होती. गोट्याला सुतळी बांधली, गरगर फिरवली, सोडली. पहिला गोटा नदीत गेला. दुसरा थेट शेंड्यावरून पलीकडे! सुतळीमागून तार वर सरकली आणि काठावरचे सगळे ओरडले, "गेली, गेली!"

"अकोला, अकोला, ऐकू येतं का? ओव्हर."

खरखर. मग अगदी कानाशी, "अकोला ऐकतो आहे. बोला."

जमादारांनी आनंदानं पाठीत असा धपाटा घातला की माझा पुढचा शब्द घशातच अडकला.

दुपारी पलीकडे ट्रक दिसले, त्यांवर उपड्या घातलेल्या होड्या. आधी लेकरं निघाली, मग बाया. एक म्हातारा बकरीशिवाय होडीत पाय ठेवीना; त्याला बकरीसकट उचललं.

"सगळे सुखरूप छावणीत पोचले," संध्याकाळी अकोल्याहून निरोप आला.

तेवढ्यात ती मावशी खिडकीशी आली. "बापू, माही लेक हाय त्यातनी. दोन जिवांची हाय. इचार ना."

खासगी निरोपाला मनाई होती. मी जमादारांकडे पाहिलं. ते नदीकडे पाहू लागले. मी अकोल्याला लेकीचं नाव सांगून विचारलं.

"आहे. जेवते आहे," उत्तर आलं.

मावशीनं दोन्ही हातांनी माझे गाल धरले आणि रडता रडता हसत सुटली.